ऊस वाढला की सिग्नल मरतो: शेतातलं लोरा रिले नेटवर्क भरवशाचं कसं करायचं

वारणाकाठी आमची सामायिक पाण्याची स्कीम आहे. नदीवर जॅकवेल, तिथून पाईपलाईन साधारण दोन किलोमीटर वर माळावरच्या टाकीला, आणि टाकीतली पातळी बघून मोटर चालू-बंद करायची एवढंच काम, त्यासाठी दोन्ही टोकांना लोरा (कमी पॉवरवर लांबपर्यंत छोटे मेसेज पोचवणारा रेडिओ) मॉड्यूल बसवले. सिमवाला स्टार्टर आधी होता पण नदीच्या खोलगटात मोबाईलची रेंज कधी असते कधी नसते. मे महिन्यात टेस्ट घेतली, रान मोकळं, खोडवा गुडघ्याएवढा, शंभरातले नव्याण्णव मेसेज पोचत होते. सप्टेंबरात ऊस डोक्याच्या वर गेला, वर पाऊस, आणि एका रात्री टाकी भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं तरी मोटर चालूच. पाणी बघणारे तात्या रात्री दीडला बॅटरी घेऊन चिखल तुडवत आले, म्हणाले, "टाकी कवाची भरलीया, आधी मोटर बंद करा."

त्यावर मी सगळे जण करतात तेच केलं, पॉवर १४ डीबीएमची (रेडिओच्या ताकदीचं माप, दर दहाला दहापट) २० केली. फरक पडला पण पुरेसा नाही. मग मध्ये एक रिले, म्हणजे मेसेज ऐकून पुढे पाठवणारा तिसरा रेडिओ, टाकला आणि काही रात्री आधीपेक्षा वाईट गेल्या. तेव्हा कळलं की फेडिंग, म्हणजे जागेनुसार आणि वेळेनुसार सिग्नल पडणं, काय चीज आहे हे समजल्याशिवाय रिले टाकण्यात अर्थ नाही. आता तेच नेटवर्क पूर्ण ऊस उभा असताना नीट चालतंय, ते कसं केलं ते क्रमाने सांगतो. पॉवर वाढवण्यापेक्षा मेसेजला वेगवेगळ्या वाटा देणं जास्त कामाला येतं, पण त्या वाटा खरोखर वेगळ्या असायला हव्यात, सगळा खेळ तिथेच आहे.

पहिलं काम: काठीची टेस्ट

एका टोकाला नोड (रेडिओ आणि त्याचा छोटा कंट्रोलर) चालू ठेवा, दर दोन सेकंदाला एक मेसेज, प्रत्येकात चढता नंबर. टेस्टपुरताच हां, कायम नको. दुसरा नोड छोट्या डिस्प्लेसह वेळूच्या काठीला बांधा आणि जिथे रिले बसवायचा विचार आहे तिथे उभे राहा. आता काठी वीतभर डावीकडे सरकवा, परत वाचा, अजून वीतभर, परत वाचा. आमच्या बांधावर एका जागी आरएसएसआय, म्हणजे पोचलेल्या सिग्नलची ताकद, −१०३ दिसत होती आणि तिथून वीतभर सरकवल्यावर −११९. म्हणजे १६ डीबीचा फरक, चाळीस पट पॉवर कमी, आणि आपण जागचे हललेलोही नाही.

असं होतं कारण सिग्नल एका सरळ रेषेत येत नाही. थोडा सरळ येतो, थोडा टाकीच्या भिंतीवर आपटून, थोडा ओल्या पानांवरून, थोडा विजेच्या खांबावरून. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३४.६ सेंटीमीटर, तिच्या निम्मी सतरा, म्हणून एवढ्याशा अंतरातच कुठे सगळे तरंग एकमेकांना धरून येतात तर कुठे एकमेकांना खाऊन टाकतात. खाल्लेल्या जागेला आम्ही खड्डा म्हणतो. पान हललं, ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, पाऊस पडून पानं ओली झाली की खड्डा सरकतो, काल चांगली असलेली जागा आज खड्ड्यात.

याशिवाय दुसरा प्रकार म्हणजे सावली. मध्ये उसाचा फड किंवा मातीचा उंचवटा असला की पुढच्या सगळ्या भागात सरासरीच खाली जाते, तिथे वीतभर सरकून काही होत नाही. खड्ड्यावरचा आणि सावलीवरचा उपाय वेगवेगळा असतो, म्हणून एका जागेचं एकच रीडिंग कधीच घेऊ नका. दोन-तीन मीटरच्या घेरात पंचवीस-तीस रीडिंग घ्या. त्यांची सरासरी सावली सांगते, त्यांचा पसारा खड्डे किती खोल आहेत ते सांगतो.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की लोरा स्प्रेड स्पेक्ट्रम (सिग्नल रुंद पट्ट्यावर पसरवणारा) आहे म्हणजे फेडिंगची काळजी नाही. १२५ किलोहर्ट्झ ही रुंदी शेतातल्या परिस्थितीत इतकी अरुंद आहे की खड्डा आला तर अख्खा चॅनेलच खड्ड्यात जातो. लोरा गोंगाटात तग धरतो हे खरं, फेडिंगमध्ये त्याला वेगळी सूट नाही.

मार्जिन काढा, आणि मेलेले मेसेज मोजा

एसएनआर म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण, आणि एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, तो वाढवला की मेसेज हळू जातो पण कमजोर असला तरी वाचता येतो. १२५ किलोहर्ट्झला एसएफ ७ ला मेसेज वाचायला एसएनआर −७.५ डीबीपर्यंत चालतो, पुढच्या प्रत्येक एसएफला अडीच डीबी जास्त सवलत मिळत जाते, एसएफ ९ ला −१२.५, एसएफ १२ ला −२०. तुमचा सरासरी एसएनआर वजा ही मर्यादा म्हणजे तुमचं मार्जिन. एसएफ ९ वर सरासरी −२.५ दिसतोय तर मार्जिन १० डीबी. सिग्नल कमजोर असताना आरएसएसआयपेक्षा एसएनआरवर भरवसा ठेवा, आणि सिग्नल जोरदार असताना एसएनआर साधारण १० च्या आसपास अडकून बसतो तेव्हा आरएसएसआय बघा.

इथे एक मोठी फसगत आहे, मीही तिच्यात सापडलो होतो. जे मेसेज पोचलेच नाहीत त्यांचा एसएनआर लॉगमध्ये येतच नाही. म्हणजे सरासरी फक्त वाचलेल्यांची, ती नेहमी खऱ्यापेक्षा गोड दिसते. म्हणून चढता नंबर लागतो, ४११ नंतर ४१४ आला म्हणजे दोन मेले, ते मोजा.

आता मार्जिन किती हवं. सरळ वाट जवळपास बंद आहे आणि सगळा सिग्नल आपटून-आपटूनच येतोय अशा ठिकाणी रेलीचं गणित लागू पडतं. तिथे १० डीबी मार्जिन असताना शंभरातले साधारण साडेनऊ मेसेज मरतात, २० डीबीला एक, ३० डीबीला हजारातला एक. दर दहा डीबीला, म्हणजे दहापट पॉवरला, मरणारे फक्त दहापट कमी. मी १४ वरून २० डीबीएम केलं तेव्हा मार्जिन दहाचं सोळा झालं, साडेनऊचे अडीच झाले, आणि शंभरात अडीच म्हणजे दर दहा मिनिटाला मेसेज पाठवणाऱ्या नोडचे दिवसाला तीन-चार गेलेच.

याच्याऐवजी दहाच डीबी मार्जिनच्या पण एकमेकीशी संबंध नसलेल्या दोन वाटा दिल्या तर मेसेज मरायला दोन्ही एकाच वेळी खड्ड्यात जाव्या लागतात, ०.०९५ गुणिले ०.०९५, म्हणजे शंभरातला एकसुद्धा नाही. पॉवर दहापट करून जे मिळतं ते फुकट.

रिलेच्या आधी फुकटची कमाई

अँटेना उंच करा, याला पर्याय नाही. दोन टोकं एकमेकांना डोळ्यांनी दिसली म्हणजे झालं असं नसतं, मधल्या भागात फ्रेनेल झोन, म्हणजे सरळ रेषेभोवतीचा फुगीर भाग, मोकळा लागतो. एक किलोमीटरच्या हॉपला (एका नोडपासून दुसऱ्यापर्यंतचा टप्पा) मध्यावर त्याची त्रिज्या सव्वानऊ मीटर येते, दोन किलोमीटरला तेरा. त्यातला साठ टक्के मोकळा असला तरी चालतं, म्हणजे एका किलोमीटरला साधारण साडेपाच मीटर. आणि ही उंची उसाच्या शेंड्यापासून मोजायची, जमिनीपासून नाही. ऊस तीन मीटर धरला तर मधल्या सपाट रानात अँटेना साडेआठ-नऊ मीटरवर हवी. आमचा पहिला पाईप चार मीटरचा होता, मे महिन्यात पुरत होता, पुढचं सांगायला नको.

केबलकडे कोणी बघत नाही. आरजी ५८ या पट्ट्यात मीटरला साधारण अर्धा डीबी खाते, दहा मीटर वर चढवली की पाच डीबी गेले. त्यापेक्षा रेडिओच अँटेनाजवळ वर बसवा आणि खालून फक्त बॅटरीची वायर न्या. दोन्हीकडच्या अँटेना उभ्याच ठेवा, एक आडवी पडली की बराच सिग्नल तिथेच जातो. पत्र्याच्या शेडला किंवा लोखंडी टाकीला चिकटवून अँटेना लावू नका, निदान दोन हात बाजूला काढा.

कायद्याचंही बघा, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना आहे, एक वॅटपर्यंत पॉवर आणि २०० किलोहर्ट्झपर्यंत रुंदी, म्हणून १२५ वरच राहा. मॉड्यूलला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारची वायरलेस शाखा) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, आहे का ते विकत घेतानाच विचारा. बाहेरून मागवलेली बरीच मॉड्यूल ४३३ किंवा ९१५ ची अँटेना घेऊन येतात, ती बदला.

रिले कुठे बसवायचा

रिले मध्ये टाकला की आता दोन हॉप झाले आणि मेसेज जगायला दोन्ही हॉप पार व्हावे लागतात. दोन्ही हॉपला १० डीबीच मार्जिन राहिलं तर ०.९०५ गुणिले ०.९०५, शंभरातले अठरा मरतात, थेट पाठवलं असतं तर साडेनऊच मेले असते. माझा पहिला रिले नेमका असाच होता, झाडाच्या फांदीला बांधलेला, खाली उसात बुडालेला.

रिलेचा फायदा अंतर निम्मं होण्यात आहे. शेतात सिग्नल अंतराच्या साधारण साडेतिनाव्या घाताने पडतो असं धरलं तर अंतर निम्मं केल्यावर साडेदहा डीबी मिळतात. मार्जिन साडेवीस, प्रत्येक हॉपला शंभरातला एकही मरत नाही, दोन्ही मिळून १.८. पण हे साडेदहा डीबी रिले चांगल्या जागी असेल तरच मिळतात. नकाशावरचा मध्य शोधू नका, दोन्ही हॉपमधला जो कमजोर असेल त्याचं मार्जिन जिथे सगळ्यात जास्त येतं ती जागा शोधा. एक हॉप ३० आणि दुसरा ८ डीबी ही जागा वाईट, १८ आणि १९ ची जागा उत्तम. आम्हाला ती एका वस्तीवरच्या घराच्या गच्चीवर मिळाली, रेषेपासून तीनशे मीटर बाजूला.

दुसरा रिले टाका असं मी आग्रहाने सांगेन, नोड स्वस्त आहेत आणि रात्रीची झोप महाग आहे. १.८ टक्क्यांच्या दोन वेगळ्या वाटा झाल्या की गणिताने दहा हजारात तीन मरतात. प्रत्यक्षात इतकं सुंदर येत नाही कारण वाटा पूर्ण स्वतंत्र कधीच नसतात. दोन्ही रिले एकाच गच्चीवर लावले तर खड्डे वेगळे पडतील पण सावली एकच, मधला फड दोघांच्याही आडवा. म्हणून एक ओढ्याच्या या अंगाला आणि दुसरा त्या अंगाला, मध्ये वेगळी रानं येतील असे लावा. लागण आणि खोडवा यांची वयं वेगळी असतात, एका वाटेवरच्या उसाची तोड झालेली असताना दुसऱ्या वाटेवर उभा असतो, याचा फायदा करून घ्या. आणि थेट वाट बंद करू नका. मोटरकडच्या नोडने थेट येणारा मेसेजही ऐकत राहायचं, दहातले सहा आले तरी ती तिसरी वाट आहे.

रिलेच्या आत काय चालायला हवं

आलेला सिग्नल जसाच्या तसा मोठा करून सोडणं हा एक प्रकार, त्यात गोंगाटही मोठा होतो. लोरात आपण मेसेज पूर्ण वाचून नव्याने पाठवतो. पण सीआरसी (मेसेज वाटेत बिघडला का ते सांगणारा आकडा) तपासल्याशिवाय एक बाइटही पुढे जाऊ देऊ नका. लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांनी २००४ मध्ये गणिताने दाखवलं होतं की सगळं रिलेवरच सोपवलं आणि रिलेला नीट वाचता आलं नाही तर दोन वाटांचा फायदा पूर्ण जातो, आणि रिलेचा हॉप चांगला असेल तेव्हाच रिले वापरायचा, नाहीतर मूळ नोडने स्वतःच परत पाठवायचं, असं केलं की तो फायदा परत मिळतो. म्हणजे सीआरसी चुकला तर रिलेने गप्प बसायचं, आणि मूळ नोडला पोच नाही आली तर त्याने परत पाठवायचं.

प्रत्येक मेसेजात पाठवणाऱ्याचा आयडी, नंबर आणि उरलेले हॉप एवढं टाका. रिले शेवटचे तीस-चाळीस आयडी-नंबर लक्षात ठेवतो, आधी पाहिलेला असेल तर सोडून देतो, नाहीतर दोन रिले एकमेकांचं ऐकून गोल गोल पाठवत बसतात.

दोन्ही रिले एकाच क्षणी बोलले तर टक्कर होते. २००६ मध्ये ब्लेट्सास आणि सहकाऱ्यांनी सोपी युक्ती मांडली, ज्या रिलेचे दोन्ही हॉप चांगले त्याचा टायमर आधी संपतो, तो बोलला की बाकीचे गप्प. मोठ्या नेटवर्कला हे उत्तम. मेशटास्टिक (लोरावर चालणारं तयार मेश सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तिथेही एसएनआर बघूनच वेळ ठरतो, पण उलटा, ज्याला कमजोर ऐकू आलं तो आधी बोलतो कारण तिथे लांब पोचणं हा हेतू आहे. आपल्याला लांब जायचं नाही, ठरलेल्या एका मोटरपर्यंत नक्की पोचायचं आहे.

दोनच रिले असतील तर मी एवढं पण करत नाही. ओढ्याच्या दोन अंगांचे रिले एकमेकांना ऐकतीलच याची खात्री नसते, मग टायमरचा उपयोग काय. सरळ वेळ वाटून द्या. एसएफ ९ ला वीस बाइटचा मेसेज १८५ मिलिसेकंद हवेत असतो आणि आठ बाइटची पोच १२४. म्हणून पहिला रिले ५० मिलिसेकंदांनी पाठवतो, दुसरा ४५० नी, आणि दुसऱ्याला मधल्या वेळात मोटरकडच्या नोडची पोच ऐकू आली तरच तो गप्प बसतो, नाहीतर पाठवतोच.

परत पाठवणं

पोच नाही आली की लगेच परत पाठवायचं हे बहुतेक सगळ्यांच्या कोडात असतं आणि ते जवळजवळ वाया जातं. आपले नोड खांबावर स्थिर आहेत, वारा नसलेल्या रात्री खड्डा मिनिटंच्या मिनिटं तिथेच असतो, त्याच खड्ड्यात तीन वेळा ओरडून काय होणार. परत पाठवताना फ्रिक्वेन्सी बदला. आपल्याकडच्या लोरावॅनच्या (लोराची ठरलेली नेटवर्क पद्धत) ठरलेल्या तीन चॅनेलपैकी ८६५.०६२५ आणि ८६५.९८५ मध्ये साधारण ०.९ मेगाहर्ट्झ अंतर आहे, आजूबाजूला आपटून येणारा सिग्नल लांबून येत असेल तर एका चॅनेलचा खड्डा दुसऱ्यावर तेवढा खोल नसतो. रिसीव्हरला मात्र कधी कुठे ऐकायचं ते माहीत हवं, आम्ही ठरवलंय की पहिला प्रयत्न खालच्या चॅनेलवर, दोन सेकंद पोच नाही तर सगळे वरच्या चॅनेलवर, रिलेसुद्धा.

एसएफ वाढवायचा मोह आवरा. सातचा नऊ केला तर पाच डीबी मिळतात आणि वेळ ५७ चा १८५ मिलिसेकंद होतो, ठीक आहे. बारा केला तर तोच मेसेज १.३ सेकंद, त्यात दोन रिले म्हणजे चार सेकंद हवा अडवून बसणार, आणि शेजारच्या कोणी असंच नेटवर्क टाकलं तर टकरी. आम्ही नऊवर थांबलो.

मोटरचा हुकूम कसा लिहायचा

नेटवर्क कितीही चांगलं केलं तरी एखादा मेसेज मरणारच, म्हणून "चालू" आणि "बंद" असे दोन हुकूम ठेवूच नका. टाकीचा नोड पाठवतो: अजून वीस मिनिटं चालव. पाणी हवं असेपर्यंत दर पाच मिनिटाला तो हेच परत सांगतो. मोटरकडचा नोड फक्त घड्याळ मागे मोजतो, शून्य झालं की कॉन्टॅक्टर (मोटरचा स्विच) सोडतो. सलग चार मेसेज मेले तरच मोटर बंद पडते, आणि पडली तर बंदच पडते, रात्रभर वाहत नाही. तोच मेसेज दोन वाटांनी दोनदा आला तरी काही बिघडत नाही. त्या सप्टेंबरच्या रात्री एवढं एक असतं तर तात्यांना चिखल तुडवावा लागला नसता. ड्राय रन (पाण्याशिवाय मोटर चालणं) आणि सिंगल फेजिंगचं (एखादी फेज जाणं) संरक्षण मात्र पॅनेलमध्ये तारेनेच ठेवा, ते रेडिओवर कधीच सोपवू नका.

रिले जिवंत ठेवणं

रिले सतत ऐकत असतो. रेडिओचे अकरा-बारा आणि छोट्या मायक्रोकंट्रोलरचे मिळून साधारण वीस मिलिॲम्पियर धरले तर दिवसाला अर्धा ॲम्पियर-अवर. सहा ॲम्पियर-अवरचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल थोडा राखीव ठेवूनही सूर्य न दिसता नऊ दिवस काढतो, आषाढात एवढं लागतं. ईएसपी ३२ (वाय-फायवाला मायक्रोकंट्रोलर) जागा ठेवला तर याच्या कितीतरी पट जातं, रिलेला तो नको. २० डीबीएमला पाठवताना सव्वाशे मिलिॲम्पियरच्या आसपास ओढ बसते, बारीक वायर किंवा म्हातारा सेल असेल तर व्होल्टेज पडून नोड रीसेट होतो आणि लॉगमध्ये ते अगदी फेडिंगसारखं दिसतं. म्हणून प्रत्येक मेसेजात बॅटरीचं व्होल्टेज आणि रीसेटचा आकडा पाठवाच.

कनेक्टरला सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा, केबल पेटीत खालून घ्या. पेटीला राहिलेलं प्रत्येक भोक बुजवा, आमच्या एका पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं आणि उघडायला गेलेल्या पोराचा हात सुजला. वळवाच्या पावसाआधी खांबाचं अर्थिंग तपासा.

वर्षभर काय बघायचं

कुठला मेसेज कुठल्या वाटेने आला, थेट, पहिला रिले की दुसरा, हे मोटरकडच्या नोडने लिहून ठेवायचं आणि आठवड्याला एकदा बघायचं. एकूण शंभर टक्के पोचतायत म्हणून निर्धास्त राहू नका, एक रिले मेला तरी दुसरा काम चालवून नेतो आणि तुम्हाला कळत नाही की आता एकाच वाटेवर चाललंय. आमच्याकडे जूनमध्ये पहिला रिले दहातले नऊ आणायचा, ऑगस्टच्या शेवटी सहावर आला, तेव्हा त्याचा पाईप दीड मीटरने वाढवला. फड तुटून गेल्यावर आकडे एकदम सुधारतात, तरी पाईप खाली उतरवू नका, खोडवा लगेच फुटायला लागतो.